पडद्यावरची हिरवी झोप

शवासन संपले. सर्वांनी चटया गुंडाळल्या, रोहिणी मात्र उठली नाही. मी तिच्याजवळ जाऊन ॐकार म्हटला, नावाने हाक मारली. पापणीसुद्धा हलली नाही. श्वास चालू होता, पण उथळ आणि घाईचा. कपाळाला हात लावला तर ते तापले होते.

"गुरुजी, पाच मिनिटं राहू द्या ना तिला," समीर हळूच म्हणाला. तो परभणीचा, ती हिंगोलीची. त्या बॅचमध्ये मराठी अशी ही दोनच मुले, म्हणून एकमेकांना धरून असत.

तेवढ्यात आमचा प्रोग्राम हेड करण दारात आला. त्याने आधी रोहिणीकडे पाहिले आणि मग भिंतीवरच्या स्क्रीनकडे.

"इसका स्लीप स्कोर तो आज टॉप पर है, गुरुजी. फिर ये सो क्यों रही है?"

मीही स्क्रीनकडे पाहिले; तिच्या नावापुढे हिरवी रेघ होती.

माझे शिक्षण पाठशाळेत झाले. दिल्लीतील एका शाळेत निवृत्त होईपर्यंत मी संस्कृत शिकवले आणि त्याबरोबर योगाचे वर्ग घेतले. पुढे नोएडातील एका संस्थेने मला 'वेलनेस मेंटर' म्हणून बोलावले. तेथे कोडिंगचा बूटकॅम्प चालतो. एरवी ज्याला वर्षे लागावीत ते काही महिन्यांत शिकवायचे, असे त्याचे स्वरूप. मुले दिवसभर संगणकापुढे बसतात आणि खोलीवर गेल्यावरही बसतात. मी स्नानसंध्या उरकून दिल्लीतल्या द्वारकेहून मेट्रोने जातो. आखडलेली मनगटे सैल करणे, पाठीसाठी मकरासन, डोळ्यांवर तळव्यांची ऊब धरणे, आणि शेवटी शवासन व शांतिपाठ, एवढे माझे काम.

शवासनात खरे तर झोपायचे नसते. देह सैल सोडून आत जागे राहायचे असते. परंतु मी "डोळे मिटा" म्हणताच अर्धा वर्ग घोरू लागे. मी करणकडे गेलो.

"करणजी, इन बच्चों को आसन नहीं, नींद चाहिए. पढ़ाई थोड़ी कम कीजिए."

"बिल्कुल, गुरुजी. मैं कुछ करता हूँ."

त्याने केले. प्रत्येकाच्या मनगटावर झोप मोजणारा पट्टा आला. झोप पुरेशी झाली की स्क्रीनवर नावापुढे हिरवी रेघ, नाही तर लाल. कंपन्यांना ताण सोसणारी माणसे हवी असतात, म्हणून हा स्कोर प्लेसमेंटच्या फाइलमध्येही जाऊ लागला. अभ्यास मात्र तसूभरही कमी झाला नाही.

पहिले काही दिवस स्क्रीन लालच राहिली. नंतर एका सोमवारी ती वरपासून खालपर्यंत हिरवी झाली. करणने मला मिठी मारली. घरी जाऊन मी देवापुढे साखर ठेवली.

म्हणूनच रोहिणीचे ते तापलेले कपाळ मला समजेना. ती जागी झाली, ओशाळली आणि क्लासकडे पळाली. मी समीरला खाली चहाच्या टपरीवर नेले.

"बाळ, ती रात्री झोपते का?"

"ॲपमध्ये तर झोपते."

"मी तुला विचारतो आहे, ॲपला नाही."

समीरने चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "गुरुजी, ती झोप आमची नाहीच. स्क्रिप्टची आहे."

स्क्रिप्ट म्हणजे एकच काम न थकता करत राहणारा छोटा प्रोग्राम. पट्टा जी माहिती संस्थेच्या संगणकाला पाठवतो, तिच्याऐवजी ही स्क्रिप्ट प्रत्येकाच्या नावाने खोटी झोप पाठवी. ती रोहिणीने लिहिली होती, साऱ्या बॅचसाठी.

"मध्येच एकदा जाग आली असंही दाखवते ती," समीर म्हणाला. त्याच्या आवाजात नकळत अभिमान होता. "माणूस वाटायला पाहिजे ना. आणि टॉपला कोण, ते रोज चिठ्ठी टाकल्यासारखं बदलतं. आज नेमकं तिचंच नाव निघालं."

कोर्समध्ये रोहिणी मागे पडलेली समजली जाई. तिने लिहिलेले सर्वांत चांगले काम हेच होते आणि ते कोणाला दाखवता येत नव्हते.

दुपारी मी तिला गाठले. अंगात ताप होता, म्हणून तिने ओढणी घट्ट लपेटून घेतली होती.

"तू चार दिवस विश्रांती घे. मी करणजींना सांगतो."

"नको, गुरुजी. आठवडा बुडाला की पुढच्या बॅचला टाकतात. यूपीएससीच्या नादात इथं किती वर्षं गेली माझी. बाबांनी एवढंच सांगितलंय, हे शेवटचं. नाही जमलं तर परत ये."

"पण आकडे खोटे आहेत हे मला कळले आहे. तुझे नाव मी घेणार नाही. मात्र विचारले तर ते खरे आहेत असेही माझ्याकडून म्हणवणार नाही."

तिने लॅपटॉप मिटून काखेत घेतला. मग म्हणाली, "तुम्ही कशाला अडचणीत पडता? मीच सांगते."

आम्ही दोघे करणच्या केबिनमध्ये गेलो. तिने हिंदीत, एका दमात, सर्व सांगितले. करणने चिडून टेबलावर हात आपटला. नंतर म्हणाला, "कोड दिखाओ." तो वाचत गेला तसा त्याचा राग ओसरत गेला.

"अच्छा लिखा है यार. ये तुमने अकेले किया?"

"जी सर."

"तो इसे बंद भी तुम ही करोगी. सोमवार को इन्वेस्टर आ रहे हैं. उससे पहले सिस्टम ऐसा बना दो कि कोई झूठी नींद न भेज सके. फिर मैं भूल जाऊँगा कि ये हुआ था."

"करणजी, इसे बुखार है," मी म्हणालो.

"गुरुजी, मैं इसे बचा रहा हूँ. नियम से चलूँ तो आज ही निकालना पड़ेगा."

तो खोटे बोलत नव्हता. आपण तिला वाचवत आहोत असे त्याला मनापासून वाटत होते. रोहिणीलाही तसेच वाटले. कोर्सला आल्यापासून प्रथमच तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. मी तिला थोडा गूळ दिला, देवाचा अंगारा लावला आणि निघालो. याहून अधिक काही माझ्या हाती नव्हते.

सोमवारी तिचे काम पूर्ण झाले होते, आणि चोख झाले होते. स्क्रीन लागली तेव्हा सारी नावे लाल. सर्वांत खाली रोहिणी.

"वाह, मॅडम," मागून कोणी तरी म्हणाले, "हमारी नींद भी ले ली, स्कोर भी." समीर सोडून तिच्या शेजारी कोणी चटई टाकली नाही.

त्या दिवशीही ती शवासनातून उठली नाही. मात्र या वेळी तिला उचलून न्यावे लागले. डॉक्टरांनी दीर्घ विश्रांती सांगितली. आठवडा बुडाला, नियम लागू झाला, आणि समीरने तिची बॅग स्टेशनपर्यंत पोहोचवली. त्या सोमवारी इन्वेस्टर येण्यापूर्वीच करणने स्क्रीन बंद करवून घेतली होती.

मग संस्थेत बैठक झाली. खरे स्कोर वाईट आहेत, म्हणजे वेलनेस कमी पडते, असा निष्कर्ष निघाला. माझा तास वाढवण्यात आला. दिवसाच्या वेळापत्रकात जागा नसल्याने तो पहाटेकडे ओढला. आता मुलांना स्वस्थ राहण्यासाठी आणखी लवकर उठावे लागते. मी विरोध केला. करण म्हणाला, "गुरुजी, आप ही ने तो कहा था कि कुछ कीजिए."

मागच्या आठवड्यात मी हिंगोलीला फोन केला. तिच्या वडिलांनी घेतला.

"झोपलीये, गुरुजी. आली तेव्हापासून झोपूनच असते. लोक विचारतात, कोर्स झाला का? काय सांगावं त्यांना? थांबा, उठवतो तिला."

"नको," मी म्हणालो. "राहू द्या."

झोप मोजायला बसले की तीही एक काम होते, आणि या मुलांजवळ कामे आधीच पुष्कळ असतात. वेलनेसच्या नोकरीत मी शिकलो ते एवढेच. ते करणला सांगून झाले आहे. आता शवासनानंतरचा शांतिपाठ मी पूर्वीपेक्षा पुष्कळ सावकाश म्हणतो. तो संपेपर्यंत कोणाला उठवायचे नाही, असा आमच्याकडे नियम आहे.