मासुए होडी जिकडे नेत नव्हती

सेतोच्या समुद्रात आमच्या बेटावर नवराबायकोची होडी असते. नवरा गळाची दोरी धरून बसतो, बायको मागे उभी राहून वल्हं मारते. बाहेरच्यांना वाटतं, दोरी धरणारा खरा कोळी आणि बाई नुसती मदतीला. डोंबल. पाण्याच्या ओढीत होडी एका जागी धरून ठेवणं हेच खरं काम, आणि त्यात मासुएचा हात कुणी धरू शकत नसे. शेजारच्या बेटावरून ती लग्न होऊन आली, तेव्हा माझी बायको तोकी म्हणाली होती, "ही काडी कसली वल्हं मारते? वाऱ्यानंच उडेल." पुढे तोकीचेच गुडघे गेले आणि काडी उभीच्या उभी राहिली.

त्या हिवाळ्यात मासुए तापानं फणफणली होती, म्हणून तिचा नवरा कानेहिको एकटाच समुद्रावर गेला. होडी सापडली. कानेहिको सापडला नाही.

मग तोकीनंच जमवलं. "तुमच्याकडे वल्हं मारायला कुणी नाही, तिच्याकडे दोरी धरायला कुणी नाही. घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा जा तिच्याबरोबर."

मी गेलो. थंडी सरत आली होती. उमे नावाच्या आंबट फळाच्या झाडांना फुलं आली की मेबारू किनाऱ्यालगतच्या खडकांत येतो. बटबटीत डोळ्यांचा मासा, पण चवीला एक नंबर. त्याच दिवसांत पाणी जरा उबदार होतं आणि थंडीत तळाशी राहिलेली माणसं वर येतात. हे आमच्यात कुणी बोलून दाखवत नाही. पण त्या दिवसांत जो तो पाण्याकडे जपून बघतो.

गाव म्हणायचं, बिचारी नवऱ्याला शोधत फिरते. मलाही तसंच वाटायचं. पण मासे होते दक्षिणेच्या काळ्या खडकापाशी. समुद्रात सुटलेलं सगळं, ओंडके, फाटकी जाळी, ओहोटीबरोबर तिथंच येऊन लागतं. आणि ही बाई होडी रोज उत्तरेला न्यायची. दिवसभर दोरी पाण्यात आणि टोपली कोरडी.

एक दिवस माझं डोकं फिरलं. "अगं, तिकडे माशांची जत्रा भरलीय आणि आपण इथं काय करतोय?"

"इथंही लागतील."

"काय लागणार? माझं कपाळ?"

ती वल्हं मारत राहिली. घरी ती अजून रोज त्याचं ताट वाढते, हे तोकीनं मला सांगितलं होतं. आमच्यात परगावी गेलेल्या माणसासाठी तसं वाढतात, तो उपाशी राहू नये म्हणून. मेलेल्याचं वाढणं वेगळं, ते देव्हाऱ्यापुढे. त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती त्याला शोधत नव्हती, चुकवत होती. खरं सांगतो, मला राग आला.

"उद्या सगळ्या होड्या काळ्या खडकावर जाणार आहेत," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाला तो दिसला, तर विचारणारेही तेच आणि त्याच्या वतीनं उत्तर देणारेही तेच. चालेल तुला?"

वल्हं थांबलं. मग होडीचं तोंड वळलं.

बुडालेला माणूस सापडला की आम्ही त्याला तसाच उचलत नाही. होडीतला एक जण विचारतो, मासे देशील का? दुसरा त्याच्या वतीनं हो म्हणतो. मगच त्याला डाव्या बाजूनं वर घ्यायचं. उत्तर न घेता उचललं, तर तो कधीच होडी सोडत नाही.

तो तिथंच होता, खडकाच्या आडोशाला, शेवाळात अडकलेला. चेहरा पाण्यात होता, ते बरं झालं. पाठीवरच्या जाड अंगरख्याचे टाके मासुएनंच घातलेले.

मी घसा खाकरला. "कानेहिको, तुला घरी नेतो. मासे देशील का?"

मागून फक्त वल्ह्याची कुरकुर येत राहिली. ओहोटीनं त्याला शेवाळातून सोडवलं. तो सरकू लागला, तशी होडीही त्याच्या बाजूनं सरकू लागली. हातभर अंतर ठेवून. ना जवळ, ना लांब. पुढे खोल पाण्याची ओढ होती. त्यात गेला असता तर तो पुन्हा दिसला नसता.

"बोल गं. दोन्ही मीच कसं बोलू?"

"मी बोलले की संपलं, काका."

"संपलंच आहे, पोरी."

तिच्याकडे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. मी परत त्यालाच विचारलं, "मासे देशील का?"

"देतो," मासुए म्हणाली. "हवे तेवढे देतो. मला वर घ्या, काका. पाणी फार गार आहे."

मग तिनं वल्हं सोडलं, डाव्या बाजूला आली आणि आम्ही दोघांनी त्याला वर घेतलं.