शीव चालणाऱ्यांचं गाव

गडचिरोलीच्या बसस्थानकावर नागपूरची एसटी लागली, तेव्हा बाबा माझ्या खिडकीखाली उभे होते. नवऱ्याला इंग्लंडमधल्या इस्पितळात काम मिळालं होतं. मी नागपूरच्या दैनिकातली उपसंपादकाची नोकरी सोडली होती. बाबा एवढंच म्हणाले, "थंडी लय असते म्हणतेत तिथी. कान झाकून राहजो." गाडी निघाली. त्याला अकरा वर्षं झाली.

एटापल्लीकडच्या आमच्या गावाचा कागदावरचा इतिहास अर्ध्या पानात मावतो. आजोबांच्या जन्माची नोंद कुठेच नाही. इथे, दक्षिण इंग्लंडमधल्या या शंभरेक घरांच्या खेड्यात, चारशे वर्षांपूर्वी पुरलेल्या एका शेतमजुराचं नाव आणि पुरल्याची तारीख चर्चच्या वहीत आहे. त्याच आडनावाचा माणूस आज आमच्या गल्लीच्या टोकाला मेंढ्या पाळतो. चर्चच्या आवारातलं यू नावाचं झाड चर्चहूनही जुनं. त्याचा बुंधा पोकळ आहे आणि आत तीन माणसं उभी राहू शकतात. शाळा बंद पडून तिचं राहतं घर झालंय; घंटा मात्र दारावर तशीच. लोक कमी बोलतात, बोलले तर हवेबद्दल. आम्ही आलो त्या आठवड्यात दारात कोणीतरी सहा अंडी ठेवून गेलं. कोण, ते आजवर कळलेलं नाही.

चर्चच्या त्या वहीपुढे मी थक्क होऊन उभी राहायचे आणि फोनवर बाबांना सुनवायचे की कागद शोधा. गावाने जंगलावरच्या सामूहिक हक्काचा दावा केला होता. पश्चिमेच्या नाल्यापर्यंत आपली शीव, असं गाव म्हणत होतं. शेजारचं गाव ते मानत नव्हतं. मोह, तेंदूपत्ता, बांबू, सगळं त्याच पट्ट्यात. ती शीव चाललेली दोनच माणसं उरली होती: बाबा आणि गावातले सोमाभाऊ. तोंडी साक्षीवर माझा विश्वास नव्हता. दैनिकातल्या नोकरीने तेवढं शिकवलं होतं.

गेल्या मे महिन्यात इथलं, इंग्लंडमधलं गाव आपली शीव चालायला निघालं. शतकानुशतकांची रीत. हातात विलो झाडाच्या काठ्या, शिवेच्या प्रत्येक दगडावर काठी मारायची. पुढे मार्गारेट, ब्याऐंशी वर्षांची, चर्चचा कारभार पाहणारी. मी तिला नकाशा मागितला. नकाशे तीन आहेत आणि तिन्हींचं एकमेकांशी पटत नाही, असं ती शांतपणे म्हणाली. सातव्या दगडाशी चौघांनी मला हातापायांना धरून उचललं आणि बूड दगडावर आपटलं. नव्या माणसाला असंच करतात. सगळे हसले. मार्गारेट म्हणाली, "आता तू साक्षीदार. हाडं विसरत नाहीत."

मी वहीला गाव समजत होते. वही नंतरची, आधी पाय होते.

त्याच आठवड्यात सोमाभाऊ गेल्याचं कळलं. वनहक्क समितीला शीव दाखवणारा दुसरा माणूस हवा होता. लहानपणी मोह वेचायला बाबांबरोबर त्या नाल्यापर्यंत मीच जायचे. बाबा फोनवर म्हणाले, "मले दिसत नाई आता. तू होती नं संगं. येतेस का?"

मी गेले. बाबांचा हात माझ्या खांद्यावर, मागे समिती, त्यामागे शेजारच्या गावची पाच माणसं. दोनदा वाट चुकले. बाबांनी पायाखालची उतरण ओळखली. "काऊन वो, तिकडं सपाट रस्तेच हायत का? ही डुकराची वाट होय." माणसं हसली. नाल्याकाठची शिवेची खूण सापडली नाही तर जंगलाचा पट्टा जाणार होता.

नाल्याशी पोचल्यावर मी वाकून लहानपणी पाहिलेल्या येनाच्या झाडाखालचा पाचोळा हातांनी बाजूला केला. खाली शिवेच्या दगडांची रास होती, शेवाळलेली, एकावर एक नीट रचलेली. शेजारच्या गावचे वृद्ध पाटील पुढे येऊन दगड निरखू लागले. मग खाली बसले. "होय. माझा बाप इथवरच येऊन परतत होता."

समितीचा सचिव पंचनामा लिहू लागला. साक्षीदार म्हणून मी माझं नाव सांगितलं. राहणार कुठले, त्याने विचारलं. शीव मी दोन गावांची चालले होते, रकाना एकच होता.

बाबा म्हणाले, "इथची लिव्ह. शीव दाखवली नं तिनं."

त्याने लिहिलं. मी सही केली.