दाजींचा रॉबर्ट

पुस्तकातल्या एका परदेशी कामगारापायी कोल्हापुरात बसून जीव टाकणारा माणूस आख्ख्या जगात एकच झाला असेल, आणि तो नेमका आमच्या अक्काचा नवरा निघाला. आमचे दाजी उद्यमनगरात ओतकामाच्या एका कारखान्यात फोरमन होते. आवाज असा, की भट्टीपाशी उभं राहून "च्या आणा रे" म्हणाले की फाटकाबाहेरचा गाडीवाला किटली उचलायचा. वय चव्वेचाळीस. गल्लीत टीव्ही अजून एकाच घरी होता, त्या काळातली गोष्ट. मालकांनी एक दिवस सांगितलं, मॅनेजरची खुर्ची रिकामी होतेय आणि ती तुम्हालाच द्यायचीय, पण व्यवस्थापनाची पदवी आणा. शहरात नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग नुकतेच निघाले होते. मी बँकेत कारकून, मलाही बढतीची हाव सुटलेली. मेहुणे-मेहुणे एकाच बाकावर जाऊन बसलो.

दाजींचं एक होतं, आज शिकलेलं उद्या वापरायचंच. कामाच्या वेळेचं मापन शिकवलं, तर दुसऱ्या दिवशी तालमी-तालमींच्या फुटबॉल सामन्यांच्या पंचाकडनं स्टॉपवॉच मागून आणलं आणि अक्काच्या चुलीपुढं मांडी ठोकून बसले. अक्का भाकरी थापतेय आणि हे वहीत रेघा ओढतायत! शेवटी निकाल दिला, "एका भाकरीला सव्वीस हालचाली. त्यातल्या नऊ वाया जात्यात." अक्कानं परात त्यांच्यापुढं सरकवली. "व्हय? मग सतरात करून दावा की." दाजींनी खरंच केली. ती शेवटी म्हशीला टाकली, तर तिनंही दोनदा हुंगून तोंड फिरवलं. आठवडाभर घरात स्टॉपवॉचचं नाव निघालं नाही.

मग बाजारपेठेची पाहणी आली. गंगावेशीत म्हशी उभ्या असतात, समोर पिळलेलं फेसाळ दूध लोक तिथंच उभ्याउभ्या पितात. दाजी कागद-पेन घेऊन त्या दूध-कट्ट्यावर गेले, आणि धरला तोही एक पैलवान. "पावणं, तुमी हेच दूध का पिता?" पैलवानानं गिलास खाली केला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "मग काय तुला इचारून पिऊ?" दाजींनी शांतपणे लिहिलं, ‘ग्राहक समाधानी.’ सरांनी त्या पाहणीला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले, काय बोलणार!

असे एकेक विषय सुटत गेले आणि गाडी अडली ती ‘मानवी संबंध’ या पेपरात. आता हसावं की रडावं? दीडशे माणसांचा कारखाना ज्याच्या एका हाकेवर चालतो, तो माणूस मानवी संबंधात नापास! कारण एकच, रॉबर्ट. पाठ्यपुस्तकात परदेशातल्या कारखान्याचं एक उदाहरण होतं. रॉबर्ट नावाचा कामगार दर सोमवारी गैरहजर राहतो, मॅनेजरनं काय करावं? परीक्षेला हा प्रश्न ठरलेला. आम्ही सगळे पायऱ्या लिहून मोकळे झालो: तोंडी समज, लेखी ताकीद, मग कामावरून कमी. दाजी मात्र तिथंच थबकले. "पावणं, दर सोमवारीच जात न्हाय म्हंजे ह्याची सासुरवाडी लांब असणार. तुमच्या नेसरी गावागत. ऐतवारी गेला की परतीची यष्टी गावत नसंल." दुसऱ्या दिवशी सरांनाच विचारलं, "सर, रॉबर्टची आई हाय का?" सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुस्तकाचं पान उलटलं.

सराव परीक्षेत दाजींनी त्याच्यावर सात पानं लिहिली. मॅनेजरनं त्याच्या घरी जावं, च्या प्यावा, म्हातारीची चौकशी करावी, मग पाठीत एक धपाटा घालून उद्या ये म्हणावं. सरांनी खाली लाल शेरा मारला, ‘सिद्धांत कुठे आहे?’ दाजी भडकले. "त्याच्या घरात कायतरी बिनसलंय आन ह्यास्नी सिद्धांत पायजे!" खऱ्या परीक्षेतही हीच तऱ्हा. दोनदा नापास झाले. तिसरी खेप शेवटची होती. मालकांनी स्पष्टच सांगितलं, या वेळी पास झाला नाहीत तर पुण्याहून माणूस आणतो.

अक्का माझ्याकडं आली. "काय बी कर, पर ह्यास्नी पास कर." महिनाभर रोज सकाळी रंकाळ्याला फेऱ्या मारत मी ते उत्तर त्यांच्याकडून घोकून घेतलं. तोंडी समज व्हायची, लेखी ताकीद व्हायची आणि तिसऱ्या पायरीला गाडी थांबायची. "बोला दाजी, पुढं?" "पुढं कामावरनं..." आणि रस्त्यातच उभे राहायचे. "पोरंबाळं असतील वो त्याला."

दाजी पास झाले. अक्कानं गल्लीभर पेढे वाटले, तालमीच्या पोरांनी हार घातला, मालकांनी केबिनची किल्ली हातात दिली. मी मिठी मारायला गेलो, तर दाजी हळूच म्हणाले, "पावणं, रॉबर्टला काढला मी."

मी पोट धरून हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते. पुढं पंधरा वर्षं ते मॅनेजर होते, आणि सोमवारी कुणी आलं नाही की केबिनला कुलूप लावून सायकलवरून त्याच्या घरी जायचे. कुणाला लेखी ताकीद दिलेली मी तरी ऐकली नाही.

आता दाजी थकलेत. व्यवस्थापनातलं काही आठवत नाही, कधीकधी माझं नावही आठवत नाही. परवा उशाशी बसलो होतो, तर डोळे उघडून म्हणाले, "पावणं, त्या रॉबर्टचं पुढं काय झालं असंल वो?"

या वेळी मला हसू आलं नाही. म्हणालो, "दाजी, त्याला परत घेतलं कामावर. नवा मॅनेजर त्याच्या घरी जाऊन आला."

"च्या घेतला न्हवं त्यानं?"

"घेतला की."

"मग बरं झालं," म्हणाले, आणि कूस वळवून निवांत झोपले.