अंगठा आणि पार्सलवाला

त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, कारण माझा अंगठा अडकला होता.

इथे परदेशात, गुंगालिनच्या थंडीत आमचा खोली तापवणारा गरम पाण्याचा रेडिएटर खाली कोमट आणि वर गार पडला. सूनबाई कामावर जाताना म्हणाली, "बाबा, प्लंबरला सांगितलंय. तुम्ही हात लावू नका."

मी चौथी शिकलेला, पण गावात हवा धरलेले पंप मीच चालू करायचो. बॉयलर बंद केला आणि वरचा हवेचा स्क्रू सैल केला. फुस्स झालं. आणखी फिरवला, तर स्क्रूच हातात आला आणि काळं पाणी थेट बंडीवर! भोकावर अंगठा दाबून बसलो.

तेवढ्यात बेल वाजली. "दार उघडंय!" मी ओरडलो.

पार्सल घेऊन आलेला एक पगडीवाला विद्यार्थी होता, पाठीला कॉलेजची सॅक. माझी दशा बघूनही त्याने आधी बूट काढून नीट जोडीने ठेवले. मग मी "स्क्रू गेला कुठे!" म्हणालो, तसा सोफ्याखाली वाकून शोधू लागला. शेवटी म्हणाला, "अंकल, दूसरी मुट्ठी खोलो."

स्क्रू तिथेच होता. तो हसला नाही. स्क्रू घट्ट बसवून एवढंच म्हणाला, "मेरे दादाजी भी मिस्त्री नहीं बुलाते थे."

तो गेल्यावर मी बॉयलर पुन्हा चालू केला. संध्याकाळी सूनबाईने रेडिएटरला हात लावला. "वरपर्यंत गरम! बाबा, प्लंबर येऊन गेला?"

"छे! पार्सलवाला तेवढा आला होता."

खोटं मी बोलत नाही.