फिरत्या शिडीवरून घेतलेलं माप

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहाचा कप घेऊन उठून जायचो. फॅक्टरीत ड्राफ्ट्समन होतो, नकाशे काढायचो. मोजता येतं तेवढंच खरं, असं माझं साधं गणित. तरी हे लिहितोय…

एकाहत्तरची लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. शहराबाहेर, नदीवरच्या ग्वारीघाटच्या पुढे एका मालगुजारांची, म्हणजे जुन्या जमीनदारांची, बाग होती, तिच्यात विटांचा गोल कबुतरखाना. भिंत दोन फूट जाड, आतून खालपासून वरपर्यंत कबुतरांचे कोनाडे, आणि मधल्या खांबाला फिरती शिडी — ढकलली की भिंतीभर फिरायची. दुरुस्तीसाठी त्यांना नकाशा हवा होता. रविवारी मी गेलो, बरोबर धाकटा भाऊ सुधीर. फौजेतून सुट्टीवर आलेला, दुसऱ्या दिवशी परत निघायचा होता.

तो शिडीवर, मी खाली वही घेऊन. कोनाड्यात पट्टी घालायचा, आकडा सांगायचा. अकरा इंच. अकरा इंच. दाराच्या वरच्या कोनाड्याशी थांबला. हात खांद्यापर्यंत आत.

"दादा, टेकतच नाही. आतून वारा येऊन राहिला."

"काहून मस्करी करतोस? दोन फुटांची भिंत आहे. चल, उतर."

उतरला. त्याचा हात धरून पाहिला, माठात बुडवून काढल्यासारखा गार होता. मापाची शंका आली तर दुसऱ्याने स्वतः चढून ते पुन्हा घ्यायचं, हा आमच्या कामाचा नियम. मी कंटाळलो होतो. वहीत तेवढी जागा कोरी सोडली.

लढाई सुरू झाली आणि तार आली. सुधीर बेपत्ता.

आई म्हणाली, "बेपत्ता म्हणजे गेला नाही." मला काहीच वाटलं नाही. रडूही आलं नाही. नकाशा अर्धा राहिला होता, म्हणून पट्टी घेऊन बागेत गेलो.

दाराच्या वरचा कोनाडा विटांनी बुजवलेला होता. जुना चुना, त्यावर वाळलेलं शेवाळ. बागेचा रखवालदार म्हणाला, "ये तो हमारे बाप के जमाने से बंद है, बाबूजी."

शिडीवर चढून मी त्या विटांवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. भिंतीसारखी भिंत.

मालगुजार म्हणाले, "वहाँ बंद लिख दीजिए." नाही लिहिलं. ती जागा कोरी ठेवूनच नकाशा दिला.

सुधीर आला नाही. आई शेवटपर्यंत त्याची वाट पाहत होती. त्या कोनाड्याचं काय, ते मला आजही सांगता येत नाही. पण सुधीर त्या दिवशी मस्करी करत नव्हता, आणि मी त्याचं ऐकलं नाही.