बाजाराच्या भिंतीवरची आई

तळेगावच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायच्या त्या चाँदभाईनंच. बेचाळीस साली सैन्यभरतीचा कारकून एक छापील चित्र घेऊन त्याच्याकडं आला. चित्रात लेकराला छातीशी धरलेली गोरी बाई आणि तिच्यावर झडप घालायला आलेली काळी सावली.

"हे बाजाराच्या भिंतीवर मोठं काढायचं. पण बाई इथली हवी. नऊवारी, कपाळभर कुंकू. ज्याला त्याला आपली आई आठवली पाहिजे."

भिंतीसमोर भाजीच्या टोपल्यांमागं बेगडेवाडीची नंदाबाई बसलेली असायची. चाँदभाईचा हात आपसूक तिचाच चेहरा काढत गेला. सावलीपाशी मात्र तो अडला.

"साहेब, शत्रूला तोंड न्हाई?"

"नकोच. तोंड दिसलं की माणूस वाटतो," कारकून हसला.

चाँदभाईच्या मनात पाल चुकचुकली. मग चित्रातलं आभाळ एवढं लाल कशाला? लेकराचा हात नेमका बघणाऱ्याकडंच का पसरलेला? सगळं सापळ्यासारखं मुद्दाम मांडलेलं. आणि सापळा शत्रूसाठी असता, तर तळेगावच्या बाजारात कशाला लावला असता?

चित्र पुरं झालं. लोक थबकू लागले. नंदाबाईचा पोरगा सोपान दूध घालून परतताना रोज तिथं उभा राहायचा. चाँदभाईनं त्याला हटकलंच.

"अरं, ते डोळ्यातलं पाणी म्हंजे पांढऱ्या रंगाचा ठिपका हाय. मीच दिलाय."

"ठावं हाय, चाँदभाई. पर बघितलं की आईच हाका मारतीया असं वाटतंय."

त्याच आठवड्यात सोपाननं भरतीत नाव दिलं. नंदाबाई तडक चाँदभाईच्या दारात आली.

"माझं तोंड घ्यायच्या आदी मला इचारलं व्हतं का, भाऊ? माझ्याच तोंडानं माझं लेकरू नेलं!"

चाँदभाई उठला, चुन्याची बादली घेतली आणि भरबाजारात बाईच्या चेहऱ्यावरून कुंचला फिरवला. पोलिसांनी त्याला तिथंच धरलं.

"कुणी शिकवलं? चळवळवाल्यांनी?"

"कुणी न्हाई. काढलं मी, पुसलंबी मीच."

त्यांचा विश्वास बसेना. बडव बडव बडवून सोडला, तोवर सोपान आगगाडीनं निघून गेला होता.

लढाई संपल्यावर सोपान परतला. हातपाय धड होते, पण मागून कुणी हाक मारली तरी दचकायचा. नंदाबाई चाँदभाईशी हळूहळू पुन्हा बोलू लागली.

पुढं लोणावळ्याच्या एका थेटरवाल्यानं त्याला नटाचं मोठं चित्र काढायला बोलावलं. चाँदभाई म्हणाला, "अक्षरं सांगा, काढतो. चेहरा न्हाई."

थेटरवाल्याला वाटलं, मुसलमान आहे, चेहरा काढायला धर्माची अडचण असेल. चाँदभाईनं अक्षरांसाठी रेघा आखायला घेतल्या.