सत्तेचाळिसावा तुकडा

"कचरा आहे मॅडम, सोडून देते," मायक्रोस्कोपवरून मान वर न करता मी म्हणाले.

स्लाइड शिरूर कासारच्या सुमनची होती. ऊसतोडीला जाणारी, तिशीही न गाठलेली बाई. चार वेळा दिवस गेले आणि चारही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. सासरी आता तिची पिशवी काढायचं घाटत होतं. फडावर बाईनं आजारी पडून चालत नाही, म्हणून आमच्या जिल्ह्यात तरण्या बायाही गर्भाशय काढून मोकळ्या होतात. पण सुमन पहिल्या खेपेला शिवलेलं झबलं दरसाल पेटीत घालून फडावर नेत होती. रक्त देताना म्हणाली, "ताई, तुमचा कागद येईस्तोवर मी पिशवी काढू देत न्हाई. मला लेकरू पायजे."

आता त्या कचऱ्याचं सांगते. आपल्या पेशीत शेहेचाळीस क्रोमोसोम असतात. प्रत्येकाला एक कंबर असते, तिला सेंट्रोमिअर म्हणतात. पेशीच्या दोन पेशी होताना क्रोमोसोम तिथंच धरून ओढले जातात. कंबर नसलेला तुकडा मागं राहतो आणि हरवतो. सुमनच्या पेशीत एक बारका सत्तेचाळिसावा तुकडा होता. कंबर गडद करणारा रंग, म्हणजे स्टेन, त्याला लागतच नव्हता. म्हणून स्लाइडवरचा कचरा समजून मी 'नॉर्मल' लिहायलाच बसले होते.

आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, "किती पेशींत आहे?"

मोजलं. तीसच्या तीस पेशींत होता.

"मग हरवला कसा नाही?"

घ्या! कंबर नसती तर तो कधीच हरवला असता. नमुना मोठ्या लॅबला पाठवला. तुकड्यानं भलत्याच जागी स्वतःची नवी कंबर केली होती, जी त्या स्टेननं दिसत नाही, आणि दुसऱ्या एका क्रोमोसोममधून नेमका तेवढाच भाग गायब होता. म्हणजे सुमनकडे सगळं होतं, फक्त दोन ठिकाणी. म्हणून ती धडधाकट. पण बाळाकडे त्यातलं एकच गेलं, की कमी तरी पडायचं नाहीतर जास्त तरी व्हायचं, आणि गर्भ टिकायचा नाही.

तिला सांगताना मी तिच्याच कामाचा दाखला दिला. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोची जोडी मिळून एकच 'कोयता' मोजतात ना, तसे हे दोघं, तुकडा आणि तो अपुरा क्रोमोसोम. जोडीनं गेले किंवा दोघंही गेले नाहीत, तर लेकरू जगतं. एकटा गेला की न्हाई.

"म्हंजी पिशवीचा गुन्हा न्हाई?" तिनं विचारलं, आणि लई वेळ रडली. मलाही लाज वाटत होती. माझ्या 'नॉर्मल' या एका शब्दावर तिची पिशवी गेली असती.

पाचव्या खेपेला गर्भाभोवतीचं पाणी काढून तपासलं. बाळाकडे जोडी आली होती. मुलगा की मुलगी, ते कायद्यानं सांगता येत नाही आणि तिनंही विचारलं नाही.

सहा महिन्यांची लेक घेऊन ती लॅबमध्ये आली. अंगात तेच झबलं, काखेत तंग झालेलं. पोरीचा रिपोर्ट हातात घेऊन तिनं विचारलं, "ताई, हिलाबी माझ्यावानी वाट बघावी लागंल का?"

"लागंलही कदाचित," मी म्हणाले. "हा कागद जपून ठेव. हिच्या पिशवीवर कुणी बोट ठेवलं, तर आधी तो दाखव."

तिनं कागद पेटीत झबलं असायचं त्या जागी ठेवायचं कबूल केलं. मी आजही आधी पेशी मोजते, मगच तोंड उघडते.